सव्वा इंचाचा दोष

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. तेही पितळेच्या पाटीवर, कोरून. म्हणजे पुसायचीही सोय ठेवली नाहीत.

तुमच्या संग्रहालयात सामान-टपालाचा जो जुना लाकडी डबा उभा आहे, त्याच्या सामानाच्या भागात दारापाशी ती पाटी आहे. 'येथील जमीन मध्यभागी सव्वा इंच वर उचललेली होती. मूळ कारागिराच्या हातून राहिलेला हा दोष दुरुस्तीत दूर करण्यात आला आहे.' तो मूळ कारागीर म्हणजे मी. अजून जिवंत आहे, दोन्ही कानांनी धड ऐकतो, तुमच्या फाटकापासून वीस मिनिटांवर राहतो. मला विचारावंसं तुम्हाला वाटलं नाही. तुम्ही माझ्या दादाला विचारलंत, आणि तेही फक्त त्याच्या भागाबद्दल.

दादाचं आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी माझ्या नावाने कुजबुजायला नको. मी त्याच्यावर जळतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून जळतो.

डबा साठ फुटांचा. त्यातले वीस फूट टपालाचे, चाळीस सामानाचे, मध्ये लाकडी भिंत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात टपालाचा भाग दादाला मिळाला आणि सामानाचा मला. टपालाच्या भागात चालत्या गाडीत पत्रं निवडायची, म्हणून तिथे सगळं नजरेत भरणारं काम. भिंतभर खण, प्रत्येक खणावर गावाचं नाव लावायला पितळी पट्टी, उतरती मेजं, पिशव्या अडकवायचे आकडे, उजेडासाठी छतात काचा. माझ्याकडे काय? जमीन, भिंती, आणि दोन्ही अंगांना सहा-सहा फुटी सरकते दरवाजे. पेट्या, पिंपं, सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या. मधल्या भिंतीतल्या दाराला कडीसुद्धा टपालाच्या बाजूने. त्यांचा माणूस हवा तेव्हा इकडे यायचा, आमच्या माणसाने तिकडे जायचं नाही. आमच्या घरातही साधारण तशीच कडी होती.

मोठे साहेब पाहुणे आणायचे ते थेट दादाच्या टोकाला. "वा, काय खण आहेत!" मधल्या दारात, माझ्या जमिनीवर उभे राहून म्हणायचे.

तुमच्या उद्घाटनाला तेच झालं. दादा पहिल्या रांगेत, मी आणि बायको सातव्या. फीत दादाने कापली. माहिती सांगणारी तुमची मुलगी टपालाच्या भागात पाव तास बोलली. खण कसे, कुलपं कशी, बाहेरून पत्र टाकायची फट कशी. मग सगळ्यांना माझ्या भागात आणून म्हणाली, "आणि इथे बघा, कामचुकार माणसं तेव्हाही असायची बरं का!"

सगळे खदाखदा हसले. बायकोने मला कोपर मारलं. "बोला की! एरवी तर घर डोक्यावर घेता."

"ती चूक नाही," मी मोठ्याने म्हणालो. "जमीन मुद्दाम उचलली होती."

तुम्ही पुढे आलात. "काका, आमच्या तज्ज्ञांनी पातळी लावून बघितलीय."

"डबा रिकामा असताना?"

"मग काय भरून लावायची?"

"हो!"

पुन्हा हशा. त्या हशात मला जे सांगता आलं नाही ते आता ऐका. लाकडी डब्याचं पोट सुटतं. साठ फूट लांबी, खाली चाकं फक्त दोन टोकांना, वर माल. त्यात बाजूच्या भिंतीला एवढे रुंद दरवाजे पाडले की भिंतीतही दम उरत नाही. म्हणून डब्याच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चार लोखंडी सळया असतात आणि प्रत्येक सळईच्या मध्यावर एक पेच. पेच आवळला की सळई ताणते आणि डब्याची कंबर वर उचलते. रिकामा डबा किंचित कमानीसारखा उभा राहतो, माल भरला की सपाट होतो. सपाट धावावा म्हणून आम्ही तो वाकडा बांधायचो.

"काही कागद आहे का तुमच्याकडे?" तुम्ही विचारलंत.

मी दादाकडे पाहिलं. दादाने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

लोक चहाकडे वळले तेव्हा मी गुडघे टेकून डब्याखाली डोकावलो. चारही पेचांतून चार-चार बोटं आटे बाहेर आलेले, नव्या नाण्यासारखे चकचकीत. दोष दूर केला म्हणजे तुम्ही हेच केलं होतं. सळया सैल सोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं. "या भाऊजी. भांडायचं असेल तर आधी चहा घ्या, नंतर तो गार होतो."

दादा खिडकीपाशी बसला होता.

"काल मूग गिळून बसला होतास," मी म्हणालो.

"बसलो होतो."

"का?"

तो उठला आणि कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. कारखान्यातली वही, कडा तेलाने काळ्या झालेल्या. त्याने पान उघडून दिलं. त्याच्याच गिरवल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'सामानाचा भाग. मधोमध सव्वा इंच वर. धाकट्याला सांगणे.'

"आठवतं?"

आठवत होतं. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या सावलीत बसून त्याने सांगितलं होतं आणि मी तोंडात घास असल्यासारखं करून नुसती मान हलवली होती.

"ही काल दाखवली असती तर पाटी कालच उतरली असती," दादा म्हणाला. "पण मग तू काय म्हणाला असतास? हेही दादानेच घेतलं. म्हणाला असतास की नाही?"

म्हणालोच असतो.

"तेव्हा तूच ठरव. न्यायची तर ने, नाहीतर राहू दे. तुझ्या भागाबद्दल मी तोंड उघडणार नाही."

घोळ असा होता, साहेब, की घरी मी वेगळंच सांगितलं होतं. लग्न झालं त्या वर्षी बायकोला कारखाना दाखवायला नेलं. ती दादाचे खण बघून हरखली. मला राहवेना. तिला सामानाच्या भागात ओढत नेलं आणि म्हणालो, "ही जमीन बघ. सपाट दिसते ना? कमान आहे कमान. माझ्या डोक्यातली." तेव्हापासून ती फुशारकी बायकोची झाली, मग मुलांची झाली, सुनेनेही ऐकली.

आता तुमच्या पाटीप्रमाणे चूक माझी, नाहीतर दादाच्या वहीप्रमाणे अक्कल दादाची. साठ फुटांच्या त्या डब्यात माझं म्हणावं असं काही उरतच नव्हतं. मी वही मिटली, तिथेच ठेवली आणि अर्धा चहा टाकून निघालो. दादाचा हमाल ठरण्यापेक्षा तुमचा मूर्ख ठरलेलं मला परवडलं.

तीन आठवड्यांनी तिकीट काढून पुन्हा आलो. मधल्या भिंतीतलं दार अडत होतं. तुमच्या त्या माहिती सांगणाऱ्या मुलीने खांदा लावला तेव्हा कुठे उघडलं. "लाकूड जुनं आहे ना," ती म्हणाली. आत दादाच्या खणांची खालून तिसरी ओळ मधल्या भिंतीच्या बाजूला कलली होती आणि दोन जोड उघडले होते. पोस्टकार्ड सरकवता येईल एवढी फट. माझी जमीन खचत होती, मधली भिंत तिच्याबरोबर झुकत होती आणि भिंत दादाचे खण ओढत होती.

मला आनंद झाला. लपवत नाही. दहा मिनिटं तिथे उभा राहून मनात म्हटलं, होऊ दे, काढा म्हणावं आता खणांचे फोटो.

मग त्या फटीत बोट घातलं. त्या जोडांत एकही खिळा नाही, नुसती खाचेत खाच. पाहुण्यांनी वा वा केलं असेल, पण त्यातला एक-एक जोड जवळून तपासलेला माणूस मीच. दादा जेवायला गेला की मी त्याच्या बाजूला जायचो आणि बोट फिरवून बघायचो. कुठेतरी चूक सापडावी म्हणून. सगळ्या खणांत मिळून एक सापडली नव्हती, आणि आता तुम्ही दोन करून ठेवल्या होत्या.

घरी आलो तर बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे कमान थोरल्या भाऊजींची?"

"हो."

"आणि मी पंचेचाळीस वर्षं जाऊबाईंसमोर नाक वर करून फिरले?"

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"वही त्यांच्याच कपाटात आहे."

"आणि एकदाही बोलल्या नाहीत! बघितलंत, किती आतल्या गाठीच्या!" बोलल्या असत्या तरी हिला रागच आला असता. दोन घड्या तिने आपटून ठेवल्या. मग म्हणाली, "पेच तरी तुम्ही आवळले होते ना? का तेही भाऊजींनी?"

"पेच मी आवळले."

"नक्की?"

नक्की. सव्वा इंच असं कागदावर लिहायला शिसपेन्सिल पुरते. पण चार सळया सारख्या ताणल्या नाहीत तर डबा पिळवटतो आणि एकही दरवाजा सरकत नाही. सारख्या ताणल्या की नाहीत हे कुठलंही माप सांगत नाही. हातोडीने सळई ठोकायची, कान लावायचा, पाव फेरा आवळायचा, पुन्हा ठोकायची. चारही सळया एका आवाजात वाजेपर्यंत. मला अडीच दिवस लागले होते. दादाने एकदा करून बघितलं होतं आणि हातोडी माझ्या हातात दिली होती. त्याला ऐकूच येईना.

"मग तेवढं लिहा," बायको म्हणाली. "आणि आधी वही घेऊन या. मी येणार नाही. जाऊबाई हसतील."

वही आणली. पानाची प्रत या कागदासोबत जोडली आहे. आता तुमची पाळी.

सळया सैल करायचा हुकूम कोणी दिला? पाटी कोणत्या तारखेला उतरणार? नव्या पाटीवर सव्वा इंच दादाच्या नावावर लिहा. हे लिहिताना माझा हात जड झालाय, तरी लिहा. आणि पाटीच्याही आधी ते पेच आवळा. तुमच्या तज्ज्ञांना हात लावू देऊ नका. त्यांनी आवळले तर सगळा डबा पिळवटेल. मी येतो. हातोडी माझी आणतो, मदतीला एक दणकट माणूस तुम्ही द्या. दादाला बोलावू नका, हे काम त्याचं नाही.

ते दार रोज थोडं जास्त अडत असणार. येऊ की नको? हो की नाही, एवढंच लिहून कळवा.