दर सोमवारी चमचाभर तीर्थ

शहाण्णव साली चकलांब्याजवळच्या वाडीत टेलिफोन आला, तेव्हा शिवगंगाबाईंनी त्याला ओवाळलं होतं. अख्ख्या वाडीत तो एकच, आणि तोही त्यांच्या किराणा दुकानात. फोन बिनतारी, म्हणून छपरावर सौर पॅनेल, खाली खोक्यात बॅटरी. फोनवाला उत्तरेश्वर बजावून गेला होता: बॅटरी पार उतरू द्यायची नाही, पॅनेल रोज पुसायचं आणि पाणी कमी झालं तर या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. एवढं केलं तर चार वर्षं बघायला नको.

बाईंनी जिवापाड केलं. पॅनेल तर त्या पदरानं पुसत. पण बाटली संपली, उत्तरेश्वर फिरकेना, आणि बाईंना वाटलं, परळीच्या वैजनाथाच्या तीर्थापेक्षा चांगलं पाणी कुठलं? माणसाचं आयुष्य वाढतं, मग बॅटरीचं का वाढू नये? दर सोमवारी झाकणं उघडून त्या प्रत्येक कप्प्यात चमचाभर तीर्थ सोडत आणि हात जोडत. अभिषेकाचं तीर्थ ते, त्यात दूध आलं, मध आला. आपल्याला गोड लागतं, बॅटरीला विष. पण हे त्या माउलीला कोण सांगणार?

काल दुपारी त्याच फोनवर शेजारच्या छबुबाईंच्या जावयाचा आवाज आला. छबुबाईंची लेक तेजश्री सातव्या महिन्यात ऊसतोडीला गेली होती. फडात पडली, रक्त थांबेना, दवाखान्यात आणलंय, उद्या दहाला कळवतो, एवढं बोलून त्यानं ठेवला. दवाखाना कुठला, हे विचारायचं राहूनच गेलं.

आज उजाडताच फोन मुका झाला. बाईंनी माणूस धाडून उत्तरेश्वरला बोलावलं. त्यानं झाकण उघडून वास घेतला, काय घातलं म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. नवी बॅटरी यायला आठवडा लागेल, असं सांगून तो नवाच्या आतच गेला.

छबुबाई नवापासून दुकानाच्या उंबऱ्यावर जावयाच्या फोनची वाट बघत बसून होत्या. शिवगंगाबाईंच्या जिभेवर दहा वेळा खरं आलं आणि दहा वेळा त्यांनी ते गिळलं. अकरा वाजता छबुबाई पाणी प्यायला रांजणाकडे वळल्या, तेवढ्यात बाईंनी देवाचं नाव घेऊन रिसीव्हर कानाला लावला. साधी खरखरही नव्हती. वळून बघतात तो छबुबाई मागे उभ्या.

"आला का फोन? बरी हाय का माझी लेक?"

"बरी हाय," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

छबुबाईंनी रिसीव्हर ओढूनच घेतला. "तेजे, मी हाय गं. बोलू नगंस, पडून ऱ्हा. मी हाय हितंच." बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "काहीच बोलंना. झोप लागली आसंल."

आता मात्र बाईंचा बांध फुटला. त्या रडतच म्हणाल्या, "छबुबाई, फोन सकाळपासून बंद हाय. बॅटरीत मीच तीर्थ घातलं. जावयाचा फोन आलाच न्हाई."

छबुबाईंनी रिसीव्हर ठेवला नाही. दोन्ही हातांनी तो कानाशी दाबून धरला.

"जरा गप ऱ्हावा, आक्का," त्या हळूच म्हणाल्या. "तिला ऐकू येत न्हाई."

आणि पुन्हा लेकीशी बोलू लागल्या.