चौथा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना ऑफिस प्रिंटर आहे. जुना म्हणालो, मोडका म्हणालो नाही. एवढं आधीच ध्यानात घ्या, म्हणजे आपलं पुढे जमेल. आजही माझ्यातून निघालेला कागद हातात घेऊन बघा. गरमागरम असतो आणि एक अक्षर वाकडं सापडायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका तपासनीस बाईंनी माझा पहिला कागद उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि त्या नुसतं "हं" म्हणाल्या. शेजारच्या यंत्राच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं. त्या "हं"वर मी आजवर ताठ उभा आहे.

तिथून मी आलो तो कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत. कवळी म्हणजे खोट्या दातांची बत्तिशी. तुमच्यापैकी कुणी ती आजोबांच्या पेल्यात पाहून घाबरलाही असेल. इथे पुढच्या खोलीत ऑफिस, मधल्या खोलीत प्लॅस्टरचे साचे आणि आत खिडकीपाशी रंगाचा उस्ताद. कुणाच्या वयाला कुठल्या छटेचा दात शोभेल, हे ठरवणं त्याचं काम. मला जिन्यावरून वर चढवताना चार माणसांच्या नाकी नऊ आले. मोठ्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, मला भिंतीशी बसवलं आणि सगळ्यांना दम भरला, "आधी हात धुवायचे, मग याला हात लावायचा. प्लॅस्टरची धूळ याच्या पोटात गेली तर याद राखा!"

माझ्या पडद्यावर छोटे रंगीत चौकोन होते. ती माझी अ‍ॅप्स. राहायची माझ्याकडे, पण त्यांचा कारभार चालायचा ती बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांवरून. त्यांतलं निळं अ‍ॅप सगळ्यांचं लाडकं. त्याला सगळे टपाल म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांकडून मागणीचा कागद आला, की तो माझ्या काचेवर ठेवायचा आणि टपाल दाबायचं. कागदाचं चित्र एका दमात तीन ठिकाणी जायचं: साच्यांच्या खोलीत, उस्तादाकडे आणि पोच म्हणून डॉक्टरांकडे. इतकी वर्षं झाली, पण एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली, असं कधी घडलं नाही. फुशारकी म्हणा हवं तर. खरं आहे ते सांगायला मी कशाला लाजू?

मग आप्पा निवृत्त झाले. धाकट्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना छानशी आरामखुर्ची दिली. आप्पा तिच्यात बसले, हसले, सगळ्यांना बरं वाटलं. पण त्याच दुपारी त्यांनी माझ्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला हळूच बाजूला घेतलं.

"टपालात अजून एक पत्ता बसतो का हो? माझ्या घरच्या टॅबचा?"

"बसतो की."

"मग बसवा. आणि धाकट्याला बोलू नका. म्हातारा पाळत ठेवतो म्हणेल. मला नुसतं बघायचं असतं हो. आयुष्य गेलं यात."

असा टपालाला चौथा पत्ता जडला. तो फक्त आप्पांना, त्या दुरुस्तीवाल्याला आणि मला ठाऊक होता. रोज संध्याकाळी आप्पा घरी बसून दिवसभराचे कागद वाचायचे आणि मग उस्तादाचा फोन वाजायचा. "त्या बाईंचे दात इतके पांढरे करू नकोस रे. भिंतीला चुना फासल्यासारखं दिसेल. सत्तरी उलटलीय त्यांची." उस्ताद हसायचा आणि छटा बदलायचा. त्याला वाटायचं, धाकटे मालक घरी सगळं सांगत असतील. धाकट्या मालकांना वाटायचं, हा उस्तादच आप्पांचे कान भरतो. त्यामुळे ते उस्तादाशी जरा तुटकच वागायचे. मला सगळं माहीत होतं, पण मला छापता येतं, बोलता येत नाही.

एके दिवशी माझ्या पडद्यावर पिवळी पट्टी उगवली. हे अ‍ॅप आता निवृत्त होणार, त्याची सेवा बंद होणार, असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली दोन बटणं: 'अधिक माहिती' आणि 'नंतर'. मित्रांनो, माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येकाला घाई. जो तो 'नंतर' दाबायचा. साच्यांवाल्यांना वाटायचं, ऑफिस बघेल. ऑफिस सांभाळणाऱ्या सूनबाईंना, म्हणजे धाकट्या मालकांच्या बायकोला, वाटायचं, यंत्राचं काम आहे, नवरा बघेल. नवऱ्याला वाटायचं, सूनबाईंनी वाचलंच असेल. नुसता बाराभाईंचा कारभार! 'अधिक माहिती'चं बटण बिचारं कोरं करकरीत राहिलं. आणि मला एकच घोर लागला होता. टपाल गेलं तर ही मंडळी तीन पत्ते आठवून कुठेतरी लिहितील. पण आप्पांचं काय?

शेवटी टपाल गेलं. सकाळी चौकोन करडा पडला, तो पडलाच. धाकट्या मालकांनी दोनदा दाबलं, चारदा दाबलं, मग माझ्या कुशीत चापट मारली.

"मेलं हे. भंगारात घाला, नवीन आणू."

भंगार! मला! अंगात वीज असूनही मी शांत राहिलो. माझा इलाज नव्हता. पण सूनबाई पुढे आल्या. त्यांनी काचेवर एक कागद ठेवला आणि नक्कल काढली. स्वच्छ आली. छापून पाहिलं. झकास आलं.

"अहो, यंत्राला धाड भरलेली नाही. ते निळं तेवढं बंद झालंय. आंधळ्यासारखे सगळे 'नंतर' दाबत बसलो, त्याचं हे फळ."

त्यांनी माझं माहितीपुस्तक काढलं. तेव्हा त्यांना कळलं, की कागदाचं चित्र घेऊन थेट पाठवण्याचं कसब माझ्या अंगात जन्मापासून आहे. कुणी कधी विचारलंच नव्हतं! दुपारपर्यंत त्यांनी माझ्यात पत्ते घातले. साच्यांची खोली. उस्ताद. डॉक्टर. आणि झाकण लावून त्या जेवायला गेल्या.

संध्याकाळी उस्तादाचा फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो रंगाच्या पट्ट्या हातात घेऊनच ऑफिसात आला.

"वहिनी, आप्पा बरे आहेत ना?"

"कसले बरे! ताटावर बसतात आणि उठतात. विचारलं तर म्हणतात, भूक नाही. नुसते त्या टॅबकडे बघत बसतात."

आप्पा कशाची वाट बघतात, ते त्या खोलीत एकट्या मला कळत होतं.

आणि मग एका सकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. आप्पा! धापा टाकत आत आले, बसायलाही थांबले नाहीत.

"काढायचंच होतं मला, तर तोंडावर सांगायचंस," ते मुलाला म्हणाले. "मी काही भांडलो नसतो. पण असं गुपचूप?"

"काय काढलं, आप्पा?" धाकटे मालक गोंधळून उभे राहिले.

"माझे कागद! रोज यायचे ते! एकही येत नाही आता. तुला कळलं आणि तू बंद केलेस ना?"

"तुम्हाला कागद यायचे? कुठून?"

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं, ते त्या तपासनीस बाईंच्या "हं"नंतर पहिल्यांदाच वाटलं.

हळूहळू सगळा उलगडा झाला. धाकट्या मालकांनी कपाळावर हात मारला. "आणि मी समजत होतो, उस्ताद तुमचे कान भरतो!"

"अस्सं होय!" उस्ताद दारातून म्हणाला. "म्हणून माझ्याशी सरळ बोलत नव्हता! बरे आहात की मालक!"

आधी सूनबाई हसल्या, मग आप्पा आणि शेवटी धाकटे मालकही. त्यांनी उस्तादाचा हात धरून माफी मागितली.

एवढ्यात माझ्या पडद्यावर पुन्हा पिवळी पट्टी आली. आता कवळ्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या अ‍ॅपची पाळी होती. धाकट्या मालकांचं बोट सवयीनं 'नंतर'कडे निघालं. आप्पांनी त्यांचं मनगट पकडलं.

"आवर त्या बोटाला. निवृत्त होणाऱ्याला आधी विचारायचं असतं, बाबा रे, तू कुणाकुणाचं काय काय करत होतास?"

मग ते चौघं माझ्याभोवती उभे राहिले. 'अधिक माहिती' उघडली, शेवटपर्यंत वाचली. चिठ्ठ्या कोण छापतं, कुणाला लागतात, उद्या त्या कशा छापायच्या, हे सगळं बोलून ठरलं. नवी रीत आणि जुनं अ‍ॅप काही दिवस जोडीनं चालवायचं, नवं अंगवळणी पडलं की जुन्याला निरोप द्यायचा, असंही ठरलं. आता इथे कुणाचं काम संपलं तर कुणाचा खोळंबा होत नाही. असं शहाणं ऑफिस फार थोड्या प्रिंटरांच्या नशिबी असतं, आणि मी त्यांतला आहे.

शेवटी सूनबाईंनी माझी पत्त्यांची यादी उघडली. "आप्पा, तुमचा पत्ता सांगा."

"राहू दे गं आता. उगीच तुमच्या पायात पाय."

"सांगा हो," उस्ताद म्हणाला. "चुना फासायला लागलो तर मला कोण आवरणार?"

धाकट्या मालकांनी स्वतःच तो पत्ता घातला, आणि सगळ्यांत वर. तपासून बघायला हाताशी मागणीचा कागद नव्हता. "तुमचा हात ठेवा, आप्पा," ते म्हणाले. आप्पांनी जिन्याखालच्या नळावर जाऊन आधी हात धुतले, पुसले, आणि मग पंजा माझ्या काचेवर ठेवला. सुरकुतलेला, बोटांवर जुने डाग असलेला. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत नितळ चित्र घेतलं.

साच्यांच्या खोलीतून कारागीर धावत आला. "अहो, हा हात कुणाचा आलाय?"

"ओळखला नाहीस?" धाकटे मालक म्हणाले. "ज्यानं तुला काम शिकवलं, त्याचा."

आप्पांच्या पिशवीतला टॅब वाजला. त्यांनी तो काढला, आपलाच हात कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, आज घरी काय केलंयस? भूक लागलीय मला."

मित्रांनो, म्हणून सांगतो. यंत्र असो, अ‍ॅप असो की माणूस, कुणाचंही काम थांबवण्याआधी जरा त्याच्याजवळ उभे राहा आणि बघा, त्याच्या वाटेकडे कोण डोळे लावून बसलंय.