न लावलेली पाचर

मी एक जुनी लाकडी पाचर आहे, मित्रांनो, पण एकदाही कामाला आले नाही. अंगाने मी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. "अमक्याने कामात पाचर मारली," असं लोक म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. दाढेचं काम तर आमच्यामुळेच तडीस जातं.

दाढेची कडेची बाजू किडली, की डॉक्टर कीड कोरून काढतात, दाढेभोवती स्टीलची पातळ पट्टी गुंडाळतात आणि आत सिमेंट भरतात. ती पट्टी हिरडीपाशी सैल राहते. म्हणून आम्ही दोन दाढांच्या फटीत शिरून तिला दाबून धरतो, म्हणजे सिमेंट बाहेर येत नाही. काम संपलं की आमची रवानगी कचऱ्यात. माझ्या डबीतल्या साऱ्या बहिणी अशाच गेल्या, पण कुणाची तरी दाढ वाचवून गेल्या.

माझी पाळी आली एका गर्दीच्या सकाळी. खुर्चीत डॉक्टरबाईंचे वडील होते. सुतारकाम करून त्यांनी लेकीला डॉक्टर केलं होतं. बाहेर सात पेशंट ताटकळत होते. मदतनीस ताईंनी मला ताटलीत काढून ठेवलं.

"ही देऊ?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे. पट्टी बसलीय घट्ट. बाबाच आहेत, काही वाटलं तर घरी सांगतील."

तोंड उघडं असल्यामुळे बाबांनी हातानेच 'चालू दे' अशी खूण केली. 'बाई, मला लावा,' असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला वाचा कुठली?

ताईंनी मला खणातल्या नमुन्याच्या दातांशेजारी ठेवून दिलं. तिथेच मी पडून राहिले.

दोन वर्षांनी बाबा पुन्हा आले, गाल सुजवून. एक्स-रे काढला. बाहेर आलेलं सिमेंट हिरडीत रुतलं होतं. त्याखाली अन्न अडकून अडकून हाड झिजलं होतं. दाढ हलत होती.

"किती दिवस दुखतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत? एकाच घरात राहतो आपण."

"तू दमून येतेस. दुसऱ्या बाजूने चावत होतो, भागत होतं."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून त्या बाबांसमोर बसल्या. "चूक माझी आहे, बाबा. त्या दिवशी मी पाचर लावली नाही. घाई केली."

"पाचर? तुमच्यातही असते?"

ताईंनी खणातून मला काढून त्यांच्या हातावर ठेवलं. बाबांनी मला बोटांत फिरवून निरखलं. "छान तासलीय," ते म्हणाले. "हातोड्याच्या दांड्यात मी पाचर ठोकली नसती, तर लोखंड निसटून गिऱ्हाइकाचं डोकं फुटलं असतं."

लेक हसली नाही. तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ ती दाढ. पुढच्यांची नीट कर."

त्यानंतर डॉक्टरबाईंनी एकदाही पाचर चुकवली नाही. पण बाबांची दाढ गेली ती गेलीच. खणात पडल्यापडल्या मला अजून वाटतं, त्या सकाळी मी आत असायला हवी होते.

मित्रांनो, परक्याचं काम आपण जपून करतो आणि आपल्या माणसाचं उरकून टाकतो. तसं करू नका. ती माणसं तक्रार करणार नाहीत. म्हणून आज जेवताना त्यांच्याकडे जरा नीट बघा. कदाचित ती एकाच बाजूने चावत असतील.