पात्यांवरचे दोन थेंब

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. बाहेरून पाहाल तर काळी पेटी, कोपरे घासलेले, चामडं सुटलेलं. पण माझा जीव आहे तो भिंगामागच्या शटरमध्ये. कागदाहून पातळ अशी पाच पोलादी पाती तिथे फुलासारखी उमलतात, उजेडाला क्षणभर आत घेतात आणि मिटतात. कारखान्यात ज्या बाईनं ती बसवली, ती चिमट्यानं पातं उचलताना श्वास रोखून धरायची.

पुढे चाळीस वर्षं मी एका फोटोग्राफरच्या हातात राहिलो. शाळांचे वर्गच्या वर्ग टिपले, न हसणारी बाळं टिपली. कौतुक व्हायचं ते फोटोंचं. माझं कौतुक एकटा तोच करायचा. रोज संध्याकाळी स्टुडिओ बंद करण्याआधी तो मला रिकामाच चालवायचा. सात वेग, सात आवाज. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा नुसता ‘टिक’, आणि पूर्ण सेकंदाचा लांबलचक ‘कर्रर्र-टक’. तो डोळे मिटून ऐकायचा. मग स्प्रिंगचा ताण उतरवूनच मला जागेवर ठेवायचा. इतक्या वर्षांत हा नेम त्यानं एकदाही चुकवला नाही.

म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, हात थरथरू लागले. स्टुडिओ बंद झाला आणि मी त्याच्या घरी आलो. तेव्हा त्याचा नेम त्याच्या बायकोनं उचलला. ती कपडे शिवायची. पाच वाजले की शिवणयंत्र थांबवायची, मला मांडीवर घ्यायची आणि सातही वेग वाजवायची. तो खुर्चीत बसून ऐकायचा. त्याच्या दिवसात आपलं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं.

“आज सेकंदाचा दहावा भाग सुस्त आहे गं.”

“सुस्त कसला? तुमच्यासारखा निवांत आहे.”

असं त्यांचं चालायचं.

एकदा थंडीत माझा सेकंद अडखळला. तिला फार वाईट वाटलं. शिवणयंत्र कुरकुरलं की ती त्याला तेल द्यायची. माझ्यासाठीही तिनं तेच केलं. अगदी हलक्या हातानं, भिंगाच्या कडेनं दोन थेंब. पण मित्रांनो, माझी पाती कोरडीच असावी लागतात. तेल पसरलं, पाती एकमेकांना चिकटली, आणि मी मिटलो तो मिटलोच.

ती घाबरली. त्याचा उरलेला एकुलता एक आनंद आपल्याच हातून गेला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तेवढ्यात पाच वाजले. तो भिंत चाचपत खुर्चीत येऊन बसला.

“हं, होऊ दे.”

तिनं शिवणाच्या डब्यातलं टिचबटण काढलं आणि वाजवलं. टिक. असं सहा वेळा. सातव्या, लांब आवाजासाठी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं. तो नेहमीसारखाच डोळे मिटून ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पिशवीत घालून ओळखीच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी भिंग काढून आत पाहिलं.

“वहिनी, याला तेलानं मालिश केलीत की काय?”

“हसू नका हो. नीट होईल ना, तेवढं सांगा.”

“होईल. पण चार दिवस लागतील.”

“चार दिवस?” ती पुटपुटली. “कंगवा झिजेल माझा.”

घड्याळजींना काही कळलं नाही. त्यांनी माझं एकेक पातं सोडवलं, पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतलं, कोरडं केलं, पुन्हा धुतलं. बोट कुठेही लावलं नाही. शटरच्या दातेरी चाकांच्या आसांना मात्र सुईच्या टोकावर मावेल एवढंच बारीक तेल दिलं.

पाचव्या दिवशी मी घरी आलो. पाच वाजता तिनं मला मांडीवर घेतलं आणि सातही वेग वाजवले. शेवटचा ‘कर्रर्र-टक’ संपला.

“आला का बरा होऊन?” त्यानं विचारलं.

तिचा हात थांबला. “म्हणजे, तुम्हाला...”

“अगं, पहिल्याच दिवशी कळलं. कंगव्याचा सेकंद फार लवकर संपतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतकी मन लावून वाजवत होतीस. म्हटलं, तो बरा होईपर्यंत तुझं ऐकू.”

तिचे डोळे भरून आले. “मीच तेल घातलं हो त्यात.”

“मायेनंच घातलंस ना? बस इथे. रोज वाजवतेस, आता ऐकायलाही शीक.”

त्या दिवसापासून तीही डोळे मिटते. परवा त्याच्या आधी तीच म्हणाली, “पाचवा भाग जरा ओढतोय.” त्यानं मान डोलावली. घड्याळजींनी तपासलं, तर तिचं खरं निघालं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कपाटात माझा कोणी भाऊबंद पडून असेल. त्याला अधूनमधून चालवा. ताण देऊन ठेवू नका, पात्यांना तेल तर नकोच. आणि तो अडखळला, तर हात लावण्याआधी घटकाभर कान द्या. आम्हाला माया हवीच असते. फक्त आमचं काय दुखतंय, ते आधी ऐकून घ्या.