मुन-सानची चीज, पुरी

“पहारेकरी बंद करता येणार नाही, ताझुको-सान. माझी नोकरी जाईल,” हातातला चहा खाली न ठेवताच हामागुची म्हणाला.

“आणि माझा आज शेवटचा कार्यक्रम, त्याचं काय?”

“तुम्हाला कुठे त्याचा पगार मिळत होता!”

तेही खरंच. हामागुची आमच्या स्टेशनचा तंत्रज्ञ. तोंडाचा फटकळ, पण शनिवारची माझी दुपार त्याने कधी चुकवली नाही. पहारेकरी म्हणजे त्याच्या कपाटातली काळी पेटी. रेडिओवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही की स्टेशन बिघडलं असं ती समजते आणि आपली आपण एक आनंदी बासरीची धून सोडून देते. आम्ही दोघं इथे मरून पडलो तरी सगळ्या नागाता भागाला ती बासरी ऐकू येईल.

भूकंपानंतर इथे स्टेशन निघालं तेव्हापासून मी जॅझ वाजवते. नुसता जॅझ नाही. कोबेच्या या भागात बुटांचे कारखाने. कोरियाचे, ओकिनावाचे, मागाहून आलेले व्हिएतनामचे, सगळे एकाच गल्लीत बुटांचे तळ चिकटवतात. मग मी सॅक्सोफोनच्या जोडीला कोरियन ढोल लावते, पियानोमागून व्हिएतनामचं एकतारी वाद्य. सुरुवातीला लोकांना वाटलं, ही बाई डोक्यावर पडलीय. पुढे सवय झाली. आता ऐकणारे म्हातारे झालेत आणि मी थकलेय. खालच्या दुकानातल्या तव्यावरच्या नूडल्सचा वास घेत घेत जिना चढते, मध्ये एकदा टेकते. पुढच्या शनिवारपासून गाणी संगणक निवडणार. तो काही दमणार नाही. संचालकांनी आदल्या दिवशीच फुलं देऊन टाकली. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

फक्त मुन-सानची चीज पुरी वाजवायची राहिली होती.

मुन दोक-सू दिवसा कारखान्यात चामडं कापायचे आणि उरलेल्या वेळात ड्रम आणि कोरियन ढोल वाजवायचे. भूकंपाच्या त्या सकाळी त्यांचं घर बसलं आणि बायको, ओक-ही, आत राहिली. गल्लीत नुसता आरडाओरडा, वर हेलिकॉप्टरची घरघर. मुन-सान मोडक्या वाशांवर चढले आणि ओरडले, “गप्प बसा सगळे!” आम्ही जिथे होतो तिथे थांबलो. माझ्या हातात बादली होती. “कोणी आहे का? ओक-ही, वाजव काहीतरी!” मी श्वास रोखून ऐकत राहिले. सगळी गल्लीच श्वास रोखून होती. आतून काही आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी ती चीज बांधली. सॅक्सोफोन आणि ढोल नुसते धावत असतात आणि एकदम सगळं थांबतं. मोठी शांतता. मग लाकडावर काठीचा एक ठोका, टक्. संपलं.

“तिनं वाजवलं नाही, म्हणून मी वाजवलं,” रेकॉर्ड हातात देताना ते म्हणाले होते.

मी ती लावली तेव्हा नेमकी त्या शांततेत बासरी सुरू झाली. ठोका तिच्याखाली बुडाला. मुन-सानचा फोन आला. “अगं, मी आणि माझी बायको, आमच्यात ही बासरीवाली कोण?” स्वतःच हसले. पुन्हा कधी लाव म्हणाले नाहीत. तेच मला लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता ते रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात आहेत. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. उशाशी रेडिओ असतो. आज नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं आणि हामागुचीलाही.

“त्या पेटीला आवाज लागतो तरी केवढा?” मी विचारलं.

“एवढासा. इथे कोणीतरी आहे, इतकं तिला कळलं की झालं.”

“श्वास चालेल?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चहा खाली ठेवला. “माईक तोंडाशी घ्या. मी आवाज चढवून ठेवतो. पण मध्ये थांबायचं नाही हं.”

मी रेकॉर्ड लावली. ढोल धावला, सॅक्सोफोन धावला आणि सगळं थांबलं.

शरीराला जुनी सवय. माझा श्वास आपोआप अडकला. मी बादली घेऊन त्या गल्लीत उभी होते. पेटीवरचा इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला तसा हामागुची काचेपलीकडून दोन्ही हातांनी खुणा करू लागला, घ्या, घ्या! मी श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. जिना चढून दमलेली माझी म्हातारी छाती, तिची घरघर सगळ्या नागातात ऐकू जात होती. लाज वाटली, पण थांबले नाही. पिवळा दिवा विझला.

टक्.

मला निरोपाची दोन वाक्यं बोलायची होती, तेही जमलं नाही. हामागुचीने जाहिराती सुरू केल्या आणि उगीचच एक वायर गुंडाळत बसला.

लगेच फोन वाजला. धुलाईच्या दुकानातल्या किंजो आजी. “काय गं, धापा कसल्या टाकत होतीस? आधी डॉक्टरला दाखव. आणि शेवटी ते दार कुणी वाजवलं?”

“ऐकू आलं तुम्हाला?”

“न यायला मी काय बहिरी आहे?”

मी फुलं तिथेच ठेवली आणि रस्ता ओलांडला. हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. वॉर्डात पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. मुन-सानच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. आत रेडिओवर भाज्यांचे भाव चालले होते. ते जागे होते की औषधाने झोपले होते, कोण जाणे. ऐकलं तरी का? पडदा सारायला हात धजेना.

“कोणी आहे का?” मी विचारलं.

काही नाही. मी श्वास रोखला. आता तो रोखायला कुणाची हरकत नव्हती.

आतून पलंगाच्या दांडीवर एकदाच वाजलं. टक्.