परत मागवलेल्या पिशव्या

ढब्बूचं वजन उतरून अठ्ठेचाळीस किलोवर आलं, तरी ताई त्याला ढब्बूच म्हणायची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. मशीनवरचं डायलिसिस त्याच्या दुबळ्या हृदयाला झेपेना, म्हणून पोटात नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून दोन लिटर द्रावण आत सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं आणि काढून टाकायचं. द्रावणातली साखर अंगातलं जादा पाणी ओढून घ्यायची. एवढ्यावर त्याचं चाललं होतं.

ते द्रावण ज्या कारखान्यात बनायचं, तिथल्याच प्रयोगशाळेत ताई नोकरीला होती. भरलेल्या पिशव्या किती महिने चांगल्या राहतात, हे तपासणं तिचं काम.

"तुझ्या पोटात काय जातं हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे," ती म्हणायची.

"स्वयंपाकाचीही तपासणी करत जा की मग," तो म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात तो कुरकुरायला लागला. "ताई, आत सोडताना झोंबतं गं. नुसती आग होते."

"नाटकं नकोत. नळीचा चिमटा थोडा आवळ, हळूहळू जाऊ दे."

असे आठ दिवस गेले. मग एका सकाळी पिशवी खुंटीला लावताना तिने ती सहज खिडकीकडे धरली. पाण्यासारखं दिसायला हवं ते द्रावण किंचित पिवळं होतं.

ती पिशवी घेऊन ती प्रयोगशाळेत गेली. आम्लता मोजायच्या यंत्रावर आकडा आला चार पूर्णांक सहा. आकडा जितका कमी तितकं द्रावण आंबट, आणि पाचाच्या खाली गेलेली पिशवी बाद. पाणी, साखर, मीठ, चिमूटभर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि लॅक्टेट, एवढाच काय तो मालमसाला. निर्जंतुक करताना साखर तापली की तुटते, म्हणून द्रावण मुद्दाम थोडं आंबट ठेवतात. पण तेच आठवडेच्या आठवडे उकाड्यात पडून राहिलं, तर साखर तुटतच जाते, आंबटपणा वाढतो आणि त्यातून जे तयार होतं ते पोटाचं अस्तर जाळत सुटतं. सोडा घालून आंबटपणा मारावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण मग कॅल्शियमचा गाळ खाली बसला असता. बिघडलेली पिशवी सुधारता येत नाही.

गोदामात पेट्या पत्र्याला भिडेपर्यंत रचल्या होत्या. आत शिरताच अंगाला घामाची धार लागली.

"पंखे बंद आहेत म्हणून तीनदा कळवलं, मॅडम," गोदामवाला म्हणाला. "कुणी ढुंकून बघितलं नाही."

तिने वीस पेट्यांतून नमुने काढले. सतरा बाद झाले.

मॅनेजरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निर्जंतुक करायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. नवा माल यायला नऊ दिवस. हा परत मागवला तर पेशंटनी काय करायचं?"

"आणि हा आत गेला, सर, तर त्यांच्या पोटाचं अस्तर कायमचं जाईल. मग कुठलीच पिशवी चालणार नाही."

"तुझा भाऊही यावरच आहे ना?"

"हो."

"सही तुझी लागेल. बघ बाई."

तिने सही केली. दुसऱ्याच दिवशी गाड्या घरोघर फिरून पेट्या उचलू लागल्या. चांगल्या निघालेल्या पिशव्या हॉस्पिटलने साठ पेशंटमध्ये वाटल्या. चारच्या जागी दिवसाला दोन. गाडी ताईच्या दारात आली, तेव्हा ड्रायव्हरला तिने सांगितलं, "आमच्याकडच्या संपल्या." पलंगाखाली चार पेट्या होत्या. आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाही कळलं नाही.

पाचव्या दिवशी ढब्बूचे पाय सुजून त्यांत बोट रुतायला लागलं. सहाव्या दिवशी त्याला आडवं होता येईना. उशी छातीशी धरून तो बसून होता, आणि दोन शब्द बोलला की थांबत होता. हॉस्पिटलमधून एकच उत्तर मिळत होतं, "खाट रिकामी झाली की कळवतो."

त्याच सकाळी तिचा फोन वाजला. माल परत मागवल्याच्या पत्रकावर तिचाच नंबर छापला होता. पलीकडे एका शिंप्याची बायको होती.

"तुमची माणसं आमच्या पेट्या घेऊन गेली. खराब होत्या म्हणता, असतील. पण त्या पिशव्यांनी अंगातलं पाणी तरी निघत होतं हो. यांना श्वास घेता येत नाहीये."

"हॉस्पिटलमध्ये न्या," ताई म्हणाली.

फोन ठेवून ती पलंगाखाली वाकली. पिशवी कोमट केली, खुंटीला लावली.

"हीच ना ती?" ढब्बूने विचारलं.

"हो."

"सोड."

तिने नळी उघडली. त्याने टॉवेल दातांत धरला. त्याच्या कपाळावरच्या शिरा टरारून फुगल्या. ती पिशवीकडे बघत उभी राहिली, त्याच्याकडे बघवेना. आत दोन लिटर गेलं होतं, चार तासांनी दोन लिटर सातशे मिली निघालं. तो उशीला टेकला आणि त्या दिवशी पहिल्यांदा धाप न लागता बोलला.

"बाकीच्यांच्या नेल्यास आणि माझ्या ठेवल्यास?"

तिने निघालेल्या पाण्याची पिशवी उचलली.

"सकाळी फोन आला त्या बाईला फोन कर. दोन पेट्या घेऊन जा. माझं मी बघतो."

फोन कुणी उचलला नाही. ताईने आधी हॉस्पिटलच्या सिस्टरना गाठलं, सगळं सांगून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, "जीवच जात असेल तर द्या. अर्धी पिशवी, अगदी हळू. डॉक्टरांना मी सांगते." तिने रिक्षात दोन पेट्या टाकल्या आणि पेट्या उचललेल्या घरांच्या यादीतून पत्ता काढून गेली. शिंप्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, तासापूर्वीच हॉस्पिटलला नेलं.

हॉस्पिटलच्या लांबलचक बोळात बाकावर शिंप्याची बायको बसली होती. तिने पेट्यांकडे पाहिलं, मग ताईकडे.

"आता कशाला?" ती म्हणाली.

ताई पेट्या खाली ठेवून तिच्या शेजारी बसली. म्हणाली, "पेट्या परत मागवायची सही माझी होती."

"मग काय, चुकीची होती?"

"नाही. द्रावण खराबच होतं."

"मग मला का सांगताय?" बाई म्हणाली. "मी काय म्हणू, ठीक आहे म्हणू?"

थोड्या वेळाने वॉर्डमधून कुणीतरी बाईला हाक मारली. ती उठून गेली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

नवव्या दिवशी नव्या पिशव्या आल्या. ढब्बू वाचला, पण पूर्वीसारखं पाणी पुन्हा कधी निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, अस्तर जाड झालंय, किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. ताईने अहवालात सगळं लिहिलं: गोदामाचे पंखे, सतरा नमुने, शिंप्याच्या घरून उचललेल्या पेट्या, आपण लपवलेल्या चार पेट्या आणि वापरलेली एक. मॅनेजर म्हणाले, लपवलेल्या पेट्यांचं शेवटचं पान काढून टाक. तिने काढलं नाही. पुढच्या महिन्यात तिला सहीच्या कामावरून हटवून नोंदी ठेवायच्या टेबलावर बसवलं.