कंडक्टरबाबा वरच राहिले

सकाळच्या ड्यूटीवर येऊन सिस्टरला जेमतेम तास झाला होता, तोच जमीन हलली. ती तेव्हा दुसऱ्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात होती. दोन तान्ही बाळं छातीशी धरून आपण जिना कसा उतरलो, हे तिला नंतर काही केल्या आठवेना.

आता अख्खं हॉस्पिटल समोरच्या मैदानात आलं होतं. गवतावर गाद्या होत्या आणि सलाइनच्या बाटल्या झाडांच्या फांद्यांना टांगल्या होत्या. इमारत उभी होती, पण समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. जमीन अजून अधूनमधून थरथरायची आणि दर वेळी मैदानभर एकच किंकाळी उठायची.

मग वरून आवाज आला. टण. टण टण. लोखंडी खाटेवर कोणीतरी पेला आपटत होतं.

"अगं बाई!" वॉर्डातल्या मावशीने कपाळावर हात मारला. मावशी म्हणजे लादी पुसता पुसता सगळ्या पेशंटांची खबर ठेवणारी बाई. "सिस्टर, कंडक्टरबाबा! ते वरच राहिले."

कंडक्टरबाबा तिसऱ्या मजल्यावर होते. उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला, आणि म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. पाय दोरीने ताणून ठेवलेला, खाटेच्या पायथ्याशी वजनं लटकवलेली. पळताना प्रत्येकाला वाटलं, त्यांना दुसऱ्या कोणीतरी घेतलं असेल.

डॉक्टर एका बाईच्या डोक्याला टाके घालत होते. "अग्निशामकवाले बाजारात अडकलेत," ते म्हणाले. "कधी येतील सांगता येत नाही. आत कोणीही जायचं नाही." मग त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुई हातात घेतली.

टण टण.

सिस्टरला वाटलं, आपण ऐकलंच नाही असं करावं, बाळंतिणींकडे जावं, तिथेही कामं पडलीच होती. तिने डोळे मिटले. प्रभू, दुसऱ्या कोणाला तरी पाठव, ती मनात म्हणाली. माझ्याच्याने होणार नाही.

डोळे उघडले तर दुसरं कोणी हललं नव्हतं.

तिचे वडील रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायचे. ती लहानपणी अंधाराला भ्यायची, तेव्हा ते तिला म्हणाले होते, "अगं, शिपाई पकडून न्यायला येणार होते त्या रात्री खुद्द येशूसुद्धा घाबरला होता. घामाघूम झाला, हे मरण टळेल का म्हणून देवबापाला विनवलं, आणि मग उठून चालू लागला. भीती गेल्यावर पाऊल उचलीन म्हणालीस, तर जन्मभर उंबऱ्यातच उभी राहशील."

भीती गेली नव्हती. सिस्टर तशीच चालू लागली.

दारातून आत शिरताच मैदानातला गलका कुठल्या कुठे गेला. आत कुठेतरी नळ वाहत होता. पायाखाली गिलाव्याचा चुरा करकरत होता. तोंडपाठ असलेली एखादी प्रार्थना म्हणावी म्हणून तिने ओठ उघडले, पण एक ओळ आठवेल तर शपथ. "सोडू नकोस," एवढंच तिला म्हणता येत होतं. एक पायरी, "सोडू नकोस," दुसरी पायरी, "सोडू नकोस."

मागून धापा टाकल्याचा आवाज आला. ती दचकून वळली.

"मीच आहे," मावशी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकटी जाऊन मरशील आणि माझ्या जिवाला जन्माचा घोर लावशील. चल लवकर, नाहीतर मी माघारी पळेन."

कंडक्टरबाबा पेला हातात घट्ट धरून पडले होते. दोघींना पाहून त्यांनी पेला खाली ठेवला. "मला वाटलं, गाडी सुटली," ते म्हणाले.

सिस्टरने मावशीला त्यांचा पाय धरायला लावला, वजनं हळूच उतरवली आणि मोडलेला पाय चांगल्या पायाला बँडेजने बांधून टाकला. बाबा कळवळले. आता गादीसकट त्यांना खाली ओढायचं, तेवढ्यात जमिनीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज आला.

खाट सरकली. खिडकीची काच खळ्ळकन फुटली. मावशी किंचाळून दाराकडे धावली आणि चौकट धरून तिथेच बसली. सिस्टरचाही सगळा जीव दाराकडे ओढला गेला. पण बाबांनी तिचं मनगट पकडलं होतं. तिने ते सोडवलं नाही. त्यांच्या अंगावर वाकून ती मोठमोठ्याने "येशू, येशू" म्हणत राहिली. पाठीवर गिलावा पडत होता. आपण आता मरणार याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त एक गोष्ट तिला लख्ख जाणवली, की या खोलीत आपण एकटे नाही. भीतीहून ते काही मोठं नव्हतं, पण भीतीइतकंच खरं होतं.

हादरा थांबला.

"सिस्टर," मावशी दारातून म्हणाली, "तुझ्या देवाला म्हणावं, जिना तेवढा ठेव."

जिना होता. त्यांनी गादी एकेक पायरी खाली घसरवली. सिस्टर खालून तोलत होती, मावशी वरून चादर धरून होती. बाबा दर धक्क्याला ओरडत होते आणि मधूनच म्हणत होते, "सावकाश! उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" मावशीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

बाहेर लोकांनी गादी उचलून घेतली. डॉक्टर धावत आले. सिस्टर गवतावर बसली आणि तिचे दात वाजू लागले. कोणीतरी दिलेला चहा निम्मा तिच्या मांडीवर सांडला.

"तुला भीती नाही वाटली?" मावशीने विचारलं.

"अजून वाटतेय."

"मग गेलीस कशी?"

सिस्टरने विचार केला. "प्रभूला म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. तर तो स्वतःच पुढे निघाला, मग मी मागे कशी राहू?"

इमारत पडली नाही. तिला टाळं लागलं आणि पेशंट तंबूत गेले. संध्याकाळी पुन्हा जमीन हलली. तंबूतले लोक ओरडत बाहेर पळाले, मावशी सगळ्यांच्या पुढे. कंडक्टरबाबांना पळता येत नव्हतं. सिस्टर त्यांच्या खाटेशी खाली बसली. तंबूचे बांबू कुरकुरत होते, तिचं काळीज धडधडत होतं. तिने बाबांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं पांघरूण सारखं केलं.